माया

रोज सकाळी बाबांच्या बेंबीवरून टेप फिरवते.
डॉक्टर म्हणाले, वहीत लिहा.
काल एकशे चार. आज एकशे सहा.
'सैल धर वं, दोन बोटं जागा ठेवा लागते माणसाले.'

याच टेपनं गोळीबार चौकातली पोटं मापली त्यांनी,
चाळीस वर्षं.
आता रात्रभर तीन उशांना टेकून, कूलरसमोर.
श्वास कच्च्या टाक्यासारखा,
ओढला की उसवतो.

मंगळवारी मेडिकलमध्ये पाणी काढलं, साडेचार लिटर.
बाटल्यांकडे पाहून म्हणाले,
'आपल्या नळाले तं एवढं येत नाई.'

परतताना ऑटोत पँट घसरायला लागली,
मी मुठीत धरून बसले.

घरी मशीन उघडली त्यांनी. कंबर आत घेतली,
कात्री मात्र लावली नाही.
'माया राहू दे आत.
शुक्रवारपर्यंत लागन.'