उद्यमनगरचा निकाल

भट्टी निवली की इलाही शिकलगार
मोबाईल व्हाइसला टेकवून
जुनी जपानी मालिका लावतो.
पाच मजली लोखंडी गडी, आत शाळकरी पोरगं.
"गुडघ्याचं बेअरिंग एवढ्या वजनाला टिकायचं न्हाई.
रडतंय ते मात्र खरं हाय."

पंचगंगा इशारा पातळीला होती
तेव्हा त्यानं पुढचे भाग, मागचे भाग,
चुलत-मावस मालिका, सगळं विश्व वितळवून पाहिलं.
निम्मी कीट निघाली, म्हणतो.

एके ठिकाणी, युद्ध संपल्यावर,
शत्रूचा म्हातारा फिटर
त्या तुटून पडलेल्या हाताला ग्रीस लावतो.
दोन सेकंद. कुणी बोलत नाही.

इलाही ते तीनदा मागं घेतो,
मग उठून उद्याच्या साच्यात वाळू ठोकतो.

"धापैकी सात.
ग्रीसवाला सोडून."