तांब्याचे सात वेढे

बस्त्याव मेस्त्रीनं सायलेन्सरच्या नळीवर
तांब्याची बारीक नळी गुंडाळली होती, सात वेढे,
वर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी, दोरीवर चिकणमाती,
मातीवर त्याच्याच बोटांचे ठसे.

इंजिन एका सिलिंडरचं, लिलावात घेतलेलं,
पूर्वी कुणाच्या तरी माडांना पाणी ओढायचं.
आता आचऱ्याच्या खाडीत आमची होडी ओढत होतं.
डिझेल परवडत नव्हतं.
उंडी मात्र वाटेवर पडलेली असायची,
वटवाघळांनी चोखून टाकलेली.
माझी आई आणि मेस्त्रीची रेमेतीन
ती पोत्यात भरायच्या, महिनाभर वाळवायच्या,
घाण्यावर न्यायच्या.
तेल यायचं ते हिरवट, कडू,
डबा झाकला तरी कपड्यांना वास.

मार्गशीर्षाच्या पहाटे त्याची काकवी व्हायची.
डबा कलता केला तरी विचार करत बसायचं.
असलं तेल इंजिनाला पाजलं
तर नोझलच्या सुईएवढ्या भोकातून तुषार उडत नाही,
थुंकी उडते.
अर्धं जळतं, अर्धं काजळी होऊन
पिस्टनच्या डोक्यावर बसतं.

म्हणून दोन डबे.
आधी डिझेल, दहा मिनिटं, थंडी असली तर वीस.
बाहेर पडणारा धूर जाता जाता तांबं तापवायचा,
तांबं तेलाला.
मेस्त्री नळीवर हात धरून बसायचा,
भाकरीआधी तव्यावर धरतात तसा, टेकवायचा नाही.
मी कॉककडे हात नेला की म्हणायचा,
"रव. तेलाक आदी ऊब गावांदे."
मग स्वतःच फिरवायचा,
आणि टकटक जाऊन
घुमटावर कुणी बोटं ठेवल्यासारखा आवाज लागायचा.

परतताना उलट.
धक्का दिसला की पुन्हा डिझेल, शेवटची पाच मिनिटं,
नाहीतर पंपात तेल राहतं
आणि रात्रीत गोठतं.

एकदा मी डिझेल भरायला विसरलो.
खोटं कशाला,
विसरलो नव्हतो. त्या पैशांचा जत्रेत काळा चष्मा घेतला होता.
सकाळी तळाशी होतं तेवढ्यावर गेलो.
जाळं ओढून झालं तेव्हा डबा ठणठणीत, इंजिन गार,
ओहोटी लागलेली,
खाडीच्या तोंडाशी वाळूची पाठ वर येत होती.
पेटीत सुरमई, तिच्याखाली बर्फाचं पाणी.
मी हँडल फिरवलं, फिरवलं,
तळहाताची साल निघाली.

मेस्त्रीनं काही विचारलं नाही.
चष्म्याकडे बघितलं.
स्टोव्हवर पेज रटरटत होती,
त्यानं तेलाचं डबडं पेजेत उभं केलं,
आणि पळीपळीनं वरची निवळ घेऊन
फिल्टरवर, पंपावर, नोझलच्या मानेवर ओतत राहिला,
बाळंतिणीच्या पाठीवर ओततात तितक्या सावकाश.
नटबोल्टांना शितं चिकटली.
वाळू अजून वर आली.
मी म्हटलं, आता बघूया?
तो ओतत राहिला.

तिसऱ्या हँडलला खोकला.
चौथ्याला पांढरा धूर.
मग लागलं,
कडू धूर आणि शिजल्या तांदळाचा वास एकदमच नाकात.
डबड्याखाली उरलेली पेज तो प्यायला,
तेलाचा तवंग होता तरी.
मला दिली नाही.

गेल्या मे महिन्यात रेमेतीननं भंगार काढलं.
होडीला आता मागे आउटबोर्ड,
दोरी खेचली की चालू.
भंगारवाल्यानं वेटोळं काट्याला अडकवलं,
म्हणाला, सव्वादोन किलो, माती वजा.
भाव जमेना.
अंगणात उन्हात ते तासभर पडून राहिलं,
रेमेतीन सावलीत, हातात मेस्त्रीचा पाना,
तो विकायचा नाही म्हणाली.
शेवटी पैसे मोजून झाले.
तेवढ्यात नळीच्या तोंडाशी
एक हिरवा थेंब आला,
फुगला, लोंबू लागला.
भंगारवाला वेटोळं उचलायला वाकला.

"रव," मी म्हटलं.