रात्रीचा गूळ

एकेचाळीस वर्षं ह्यांनी दिवस बुडाल्यावर
पाण्याचा थेंब घेतला नाही.
मार्केट यार्डात सौदे लांबायचे,
तरी पाचच्या ठोक्याला डबा उघडायचा,
गुळाच्या रव्यांच्या थप्पीला टेकून,
हमालांना "थांबा रे जरा" म्हणत.

बाहुबलीच्या पायथ्याला नियम घेतला तेव्हा
मी शेजारीच होते.
मला कुणी विचारलं नव्हतं. मीही घेतला.

परवा रात्री अडीचला हात लागला तर
अंग गार, बनियन चिंब,
डोळे उघडे, पण त्यात मी नव्हते.
सुई घेतलेली, पोटात दोनच घास.
असं झालं तर काय करायचं
डॉक्टरनं सांगून ठेवलेलं.
काय करायचं नाही
ते महाराजांनी.
मला दोन्ही पाठ.

गूळ कुस्करला.
ह्यांनी दात आवळले.
ती बेशुद्धी होती की नियम,
अजून ठाऊक नाही मला.
बोट घातलं, हिरड्यांवर चोळलं,
चावले, तरी चोळत राहिले,
आणि तोंडानं णमोकार चालू माझा.

पावणेतीनला म्हणाले, "किती वाजले?"
एवढंच.
जन्मभर गूळ विकलेला माणूस,
चव कळली नाही असं कसं म्हणू.

उजाडलं तर उशीवर मुंग्यांची रांग.
मी झटकणार, ह्यांनी हात धरला.
शेवटची मुंगी भिंतीच्या फटीत जाईपर्यंत
बसून राहिले.
दुकान त्या दिवशी दहाला उघडलं.

शुक्रवार पेठेत महाराजांपुढं दोष सांगितला.
दोन माळा, आणि महिनाभर गोड वर्ज्य.
गोड तर डॉक्टरनं कधीच सोडवलेलं!
मी मागं उभी.
विचारायचं होतं, दुसऱ्याचा नियम मोडला
तर तो कुणाच्या खात्यावर?
महाराजांनी पिंछी उचलली.
मला वाटलं आशीर्वाद.
ते जरा सरकून बसायचे होते,
त्याआधी फरशी झाडत होते.

मग विचारलं नाही.

माझ्यावर तशी वेळ आली
तर मी तोंड उघडीन का? नाही. बहुतेक नाही.
आणि ह्यांच्यावर आली
तर परत बोट घालीन.
हे दोन्ही एका डोक्यात कसं मावतं
ते स्वाध्यायाच्या पोथीत सापडलं नाही.

काल ह्यांनी घट्ट झाकणाची डबी आणली,
माझ्या उशाशी ठेवली. रिकामी.
"मुंग्या लागायला नकोत," म्हणाले
आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.