बंद वाटेवरचं काम

एम-थ्री राहिला माझा. तेहेतीस मार्क.
चाळीसला सात कमी, म्हणजे
रीचेकिंगचे पैसे भरावेत की न भरावेत
अशा बरोब्बर मधल्या जागी.

सोलापूरचा मार्च. रात्रीही पत्रा निवत नाही.
मी डेल काढते, उलटा त्रिकोण, टोक खाली,
त्यावर घामाचा थेंब पडला की शाई पसरते
सगळ्या दिशांना सारखी.
याला डायव्हर्जन्स म्हणतात.
पेपरात हे सुचलं नव्हतं.

हत्तुरे मॅडम सांगायच्या, पार्शल म्हणजे
एकालाच हलू द्यायचं, बाकीच्यांना स्थिर धरायचं.
वर्गात सोपं वाटलं.
घरी एक्स हलवला की
वाय उठून घागरी मांडायला जातो,
झेड म्हणतो, माझी फी?
पाचव्या दिवशी अडीच वाजता नळ येतो
आणि आमच्यात कुणीच स्थिर राहत नाही.

नान्ना सेकंड शिफ्टहून आले, कानात अजून माग.
वहीतले बाण बघितले, कुठे लांब कुठे आखूड,
मधेच वळत गेलेले.
"इदि एमि?"
फील्ड, म्हटलं. प्रत्येक जागेला आपला एक बाण असतो.
चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ बघत राहिले,
मग एका कोपऱ्यावर नख टेकवलं:
हा शेजाऱ्याचं ऐकत नाही बघ.
टॉवेलात असा एक धागा चुकला
तर अख्खा मोर लंगडतो.
पाहिलं. मायनस विसरले होते.

अम्मा सकाळी टोपलीत विड्या घेऊन निघते.
सातशे. पंचवीसाची एक, अशा अठ्ठावीस जुड्या.
गल्लीतून टाकीपर्यंत, तिथून डावीकडे,
बंद गिरणीची भिंत धरून कारखान्यात.
येताना पानं-तंबाखू घेऊन
भिंतीच्या दुसऱ्या अंगाने, सावली बघत, घरी.
निघाली तिथेच परत.
पुस्तक म्हणतं, फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह असेल
तर बंद वाटेवरचं काम शून्य.

शून्य लिहिलं. चौकटही केली.
अम्मा तेव्हा उंबऱ्यात बसून
बोटं कोमट पाण्यात बुडवत होती.
चेकरने आज दोन जुड्या छाट काढल्या.
त्या परत नाहीत, त्यांचे पैसे नाहीत.
गेलेली अम्मा आणि आलेली अम्मा
यांत पन्नासाचा फरक.

चौकट खोडली.
शून्य येत नसेल तर आत कुठेतरी कर्ल आहे,
स्टोक्सचं म्हणणं तेच:
कडेकडेने फिरून जे हाती लागतं
ती आतल्या सगळ्या भोवऱ्यांची बेरीज.
मग मी भोवरे शोधत बसले. चेकर. ओली पानं.
वजनात मारलेली तंबाखू. आठवड्याला चारच दिवस काम.
सगळे घातले, तरी बेरीज जुळेना.

मग आठवलं. बेल झाली होती, बाकं सरकत होती,
आणि मॅडम खडू ठेवता ठेवता म्हणाल्या होत्या,
कुणीच लिहून घेतलं नाही:
प्रदेशाला मधे भोक नको हं पोरांनो.
भोक असलं तर कर्ल सगळीकडे शून्य असूनही
फेरी शून्य येत नाही.

अम्माची वाट पुन्हा काढली.
टाकी, भिंत, कारखाना, सावली, घर.
मधोमध गिरणी आली.
तिथे तात जॉबर होते. शेवटचा भोंगा झाला
तेव्हा मी जन्मले नव्हते.
आत आता बाभळी, आणि एक चिमणी
जिथे फंक्शन डिफाइन्ड नाही.

पेन्सिलीने तिच्याभोवती लहान गोल केला
आणि आतला भाग हलका काळा करत राहिले.
नान्ना झोपेत म्हणाले, लाईट.

अडीच होत आले होते.
नळाने आधी नुसती हवा सोडली.