ऋसाठी जागा

रबाळ्याच्या आमच्या गाळ्यात
चटण्यांची लेबलं छापणारा प्रिंटर म्हातारा आहे.
अख्खा फॉन्ट त्याच्यात ओतला
की लाल दिवा लावून गप्प बसतो.

म्हणून मी आधी सगळी लेबलं वाचून काढली
आणि लागतील तेवढीच अक्षरं आत घेतली.
लसणीचा ल, कारळ्याचा ळ,
कढीपत्त्याचा ढ, त्याच्याच मागून अर्धा त.
काना एकच, सगळ्यांना भाड्याने.
शेंगदाण्यावरचा अनुस्वार
किमतीवर नेऊन ठेवला तरी कुणाची तक्रार नाही.
झ गेला. ज्ञ गेला. ठसुद्धा गेला,
ठाणे-बेलापूर रस्ता रोलवर आधीच छापून येतो.
राहिल्या एक्केचाळीस आकृत्या. दिवा हिरवा.

जूनमध्ये अनसूयाबाई मढवी,
सीलिंग मशीनवरच्या, गोठिवलीच्या,
हातमोजा काढत आल्या.
नातीच्या वहीला लेबल काढून देशील?
नाव ऋत्वी.

बटण दाबलं.
आला एक रिकामा चौकोन, आणि पुढे त्वी.

बाईंनी तो चौकोन नखाने खरवडून पाहिला,
खाली काही असेल म्हणून.
मी मेमरीचं काहीबाही सांगत राहिलो.
"ऱ्हाऊ दे. घरी चिंगीच बोलतो आम्ही तिला."
चिंगी लगेच आली, स्वच्छ:
च चटणीचा, ग शेंगदाण्याचा,
एक वेलांटी किमतीची, दुसरी तिळाची.
लेबल ओढणीच्या टोकात गुंडाळताना म्हणाल्या,
"शाळेत चालायचं नाही पण."

शिफ्ट सुटली, मी थांबलो.
एका अक्षराला बहात्तर बाइट. शिल्लक अकरा.
ळ काढू? मग कारळ्याचं काय?
एकेक आकृती पडद्यावर मोठी करून बघत होतो
तेव्हा ब दिसला, म्हणजे नीट दिसला:
पोटात तिरकी रेघ घेतलेला व.
ब पुसला.
रेघ तेवढी ठेवली, आठ बाइटची.
ऋ आत सरकवला. उरले तीन.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पाकिटावर
बॅचमधला ब हा खरा व आहे.
रोल सैल असला की रेघ जरा खाली घसरते.
एकही पाकीट त्यावरून परत आलेलं नाही.

ऋ कुठल्याच चटणीत नाही.
वर्षाला सात वह्या,
आणि यंदा एक कंपासपेटी.