सात नंबरचा बिल्ला

नोव्हेंबर संपायच्या आत करायचा असतो श्टोलन,
म्हणजे नाताळपर्यंत मुरतो.
आई एवढंच सांगते. बाकीचं म्हणे हातांना ठाऊक असतं.
माझ्या हातांना नाही.
बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच पीठ तिंबतोय,
कारण ओस्वाल्डनं बेकरी विकली
आणि तिथे आता नखं रंगवून देतात.

पूर्वी आमच्या डोंगरातली प्रत्येक बाई
आपापलं पीठ, लोणी, बदाम हातगाडीत घालून
भट्टीवर न्यायची.
पन्नास घरांचे पाव, सगळे एकाच तोंडवळ्याचे,
म्हणून प्रत्येकात पत्र्याचा एकेक बिल्ला खोचलेला.
आमचा सात.
भट्टीतून काळा होऊन निघायचा,
मी तो पँटला पुसून खिशात टाकायचो,
गरम, मांडीला चटका देणारा.

मनुका रात्रभर रममध्ये.
तेव्हा त्या सरहद्दीपलीकडून, गेर्लिंडे मावशीच्या पार्सलातून यायच्या.
आई मोजायची. खरोखर, एकेक करून.
लिंबाची साल कुठून आणणार?
हिरव्या टोमॅटोच्या फोडी साखरेत आटवायच्या
आणि सगळ्यांनी मिळून त्यांना लिंबू म्हणायचं.
परवा दुकानात मांडणीसमोर उभा राहिलो,
पाकवलेलं लिंबू होतं, संत्रं होतं, नाव न येणारं काहीतरी लाल होतं,
आणि मी वेड्यासारखा
टोमॅटो शोधत होतो.

आमच्या भाषेत या पावाला आणि खाणीच्या बोगद्याला
शब्द एकच.
बाबा वर्षभर एकात शिरायचे
आणि डिसेंबरात दुसरा खायचे.
मला वाटायचं, डोंगराच्या पोटातही मनुका असतील,
छिन्नीनं काढत असतील.
विचारलं तर म्हणायचे, दगड.
कुठला दगड, ते जेवणाच्या टेबलावर बोलायचं नसे.
पुढे तो त्यांच्या छातीच्या फोटोत दिसला.

भट्टीतून काढताना पाव मोडला
तर वर्षाच्या आत घरातलं कोणी जातं,
अशी इकडे समजूत.
आई तो दोन्ही हातांवर घ्यायची,
तान्हं पोर न्हाणीतून उचलावं तसा,
आणि घरी येईस्तोवर कोणाशी बोलायची नाही.
एकोणऐंशी साली आमचा अखंड निघाला.
केसाएवढीसुद्धा चीर नाही.
मार्चमध्ये बाबा गेले.
त्यावर ती कधीच काही बोलली नाही.
पुढच्या नोव्हेंबरातही
तशीच, दोन्ही हातांवर.

आज माझा मोडला.
ओव्हनमध्ये एकटाच होता, तरी मी बिल्ला खोचला होता,
सवय म्हणा, लाज म्हणा.
लोणी लावायला उचलला
आणि नेमका सातच्या खाली दुभंगला,
आवाजसुद्धा न करता.
मी आधी दाराकडे पाहिलं, कोणी बघतंय का.
बघणार कोण? शेजारच्या क्रिम्मरांचं मांजर,
थंडीत आमच्याकडे मुक्कामाला असतं.
त्याला म्हटलं, तू या घरचा नाहीस, तू झोप.
मग बोटांवर हिशेब केला, आणि घरचे भरले दोनच.

दोन्ही तुकडे लोण्यानं जोडले.
वर पिठीसाखर, एक थर, दुसरा,
हाताला लागेल ती सगळी.
फडक्यात गुंडाळून बसनं निघालो,
मांडीवर घेऊन. वळणावर आपोआप हात आवळले जायचे.

आश्रमाच्या खिडकीत लाकडी कमानीवर दिवे लागले होते.
आईनं फडकं सोडलं.
आता तिला दिसतं कमी,
पण बोट साखरेवरून फिरत गेलं
आणि जोडावर थांबलं.
बराच वेळ तिथेच होतं.
मी बाहेर बघत राहिलो. बर्फ नव्हता, नुसता चिखल.

मग तिनं तो तिथूनच मोडला, पुरता,
नाताळ चार आठवड्यांवर असताना,
एक तुकडा कॉफीत बुडवला, चघळला,
आणि म्हणाली,
लोणी कमी पडलंय.
आणि बशी माझ्याकडे सरकवली,
बिल्ला मात्र स्वतःकडे ठेवला.