टाच

बाबा कराडच्या कोर्टात बेलीफ होते.
चपला काढता काढता सांगायचे,
आज ओगलेवाडीत एका घरावर टाच आणली.
मला वाटायचं, पिशवीतून खरीच टाच नेतात
आणि कुणाच्या तरी उंबऱ्यावर ठेवून येतात.

माझ्यावर आली ती बर्मिंगहॅममध्ये.
वर्षभर तिचे लाड केले: जेलचे इनसोल,
मिठाच्या पाण्याची बादली.
आई फोनवर म्हणाली, रुईच्या पानाचा शेक घे.
नॉर्थफील्डला रुई कुठली?
कोबीचं पान बांधून झोपले.

मिस्टर एल्ड्रिज
(इथे सर्जनला डॉक्टर म्हटलं की त्याचा मान कमी होतो)
पडद्यावर हाड फिरवून दाखवत होते.
आत लाह्या फुटल्यासारखे पांढरे ठिपके.
कूर्चेचा कॅन्सर. मंद चालीचा.
केमोला जुमानत नाही, सुरीचंच ऐकतो.
दोन वाटा: गुडघ्याखालून पाय,
किंवा नुसती टाच, कडा स्वच्छ मिळाल्या तर.
मग पाच वर्षांचे आकडे, दहा वर्षांचे.

मी नववीला संभाव्यता शिकवते.
पिशवीत लाल चेंडू, पिशवीत निळे,
काढलेला चेंडू परत ठेवायचा नाही,
तर पुढच्या खेपेला काय?
पोरं कंटाळून खिडकीबाहेर बघतात.
मीही बघितलं.
वारा बोर्नव्हिलकडून होता,
फटीतून कोकोचा वास येत होता.

म्हटलं, टाच घ्या.

सकाळी पोटरीवर मार्करने बाण काढला,
चुकीचा पाय नको म्हणून.
बाण आठ दिवस टिकला.

शेजारच्या खाटेवर मॉरीन फेल्प्स, टिप्टनची,
बसगाड्या धुण्यात आयुष्य गेलेली.
तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.
रात्री नसलेली बोटं खाजवायला हात खाली नेई
आणि चादरीला शिव्या देई.
माझा डावा आता आखूड, त्याचं माप वेगळं,
उजवा पूर्वीसारखाच, पाच नंबर.
तिचाही पाचच होता.
"म्हणजे माझे उजवे बूट तुझे," ती म्हणाली,
म्हैस विकल्यासारखा हात पुढे करून.

तेव्हापासून नाताळच्या आधी पार्सल येतं:
एक उजवा बूट, आत वर्तमानपत्राचा बोळा.
एकदा लाल, चकचकीत. कुठे घालू तो?
घातला. पालकसभेला.

टाच नसली की मागून रेटा मिळत नाही.
पाऊल पडतं, मग ते उचलून घ्यावं लागतं.
जिना आडवी उतरते.
वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा
आता खालच्या फळीवर असतो.

मार्चमध्ये पाचवं वर्ष सरलं.
फुफ्फुसं स्वच्छ.
बाबांना कळवलं. ऐंशी झाली, ऐकू कमी येतं,
पण कोर्टाची भाषा शाबूत:
"म्हणजे टाच उठली म्हण."
हो बाबा, उठली.
माल तेवढा परत मिळाला नाही.

गेल्या नाताळात पार्सल आलं नाही.
पोस्टाचा संप होता, असं मीच मला सांगते.
मॉरीनचा नंबर स्वयंपाकघरात
कॉर्कच्या फळीवर टाचून ठेवलाय.
येता-जाता दिसतो.
अजून लावलेला नाही.